झुत्फनची साखळीतली पुस्तकं आणि माझा स्वेटर

एनस्खेडे,
शुक्रवार दुपार

ती. सौ. लीलावतीवहिनींना मालिनीचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही दोघं लेकाकडे, सुश्रुतच्या घरी, मजेत आहोत. ह्यांचं वजन वाढलंय, पण ह्यांच्या मते इथला काटाच चुकीचा आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. पण वहिनी, भाऊजी फोन स्पीकरवर टाकतात आणि मग शेजारच्या दातारांचंही मत ऐकावं लागतं. सुश्रुतचा मित्र मल्हार मिरजेला येतोय, त्याच्या हाती हे देते आहे.

काल झुत्फनला जाऊन आले. नदीकाठचं जुनं बाजाराचं गाव आहे. हे म्हणाले, जुनी गल्लीबोळं बघायला इतक्या लांब कशाला यायला हवं होतं, आणि पांघरूण घेऊन झोपले. मग मी विल्माबाईंबरोबर गेले. या सुश्रुतच्या ओळखीच्या, साठीच्या बाई. पूर्वी मुलांना पोहायला शिकवायच्या, आणि उंची अशी की तुमच्या माळ्यावरचे डबे शिडीशिवाय काढतील. त्यांना मराठी येत नाही, माझं इंग्रजी दुकानापुरतं. म्हणून सुश्रुतने फोनमध्ये भाषांतराची सोय करून दिली होती. मी विचारलं, इथे पूर्वी कशाचा बाजार भरायचा? फोन काय बोलला कोण जाणे, बाई काळजीने माझा हात धरून मला थेट स्वच्छतागृहाशी घेऊन गेल्या. (आत जाऊन आले. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.)

उत्तर शेवटी पाट्यांवरच मिळालं. लाकूडबाजार, भाजीबाजार, बियाणेबाजार अशी चौकांची नावं अजून तीच आहेत. लाकूड आता मिळत नाही. कापडं, फुलं, मासे आणि जात्याच्या तळीएवढी चीजची चाकं मिळतात. आणखी एक गंमत म्हणजे इथे खिडक्यांना पडदे लावत नाहीत, पण आत बघायचं मात्र नाही. मग लावत का नाहीत? एका घरात तांब्याचा मोठा हंडा दिसला, आपल्या बंबासारखा. तोटी आहे का म्हणून काचेला नाक लावलं, तर आतल्या आजोबांनी चहाचा कप उंचावून मला नमस्कार केला. विल्माबाईंनी मला ओढूनच पुढे नेलं. (तोटी नव्हती.)

गुरुवार म्हणून माझा उपास होता. बाजारात बटाट्याच्या तळलेल्या कांड्या मिळतात, वर पांढरं दाट काहीतरी घालून. बटाटा उपासाला चालतो, पांढरं ते दही असणार, असा विचार करून मी मिटक्या मारत खाल्लं. पुडकं संपत आल्यावर कळलं की त्यात अंडं असतं. (ह्यांना हे सांगितलेलं नाही.)

त्यानंतर आम्ही मोठ्या चर्चमधलं जुनं ग्रंथालय बघायला गेलो. तिथली पुस्तकं चोरीला जाऊ नयेत म्हणून बाकांना साखळीने बांधलेली आहेत, शेकडो वर्षांपासून! जमिनीच्या फरशीत पंजे उमटलेत. दंतकथा अशी की एका साधूने उपासाच्या दिवसांत इथे लपून कोंबडी खाल्ली, तेव्हा सैतान आला आणि त्याला कोंडून गेला. ती त्याची पावलं. हे ऐकताना मला बाजारातलं ते अंडं आठवलं. पंजे कुत्र्याचे की मांजराचे ते बघायला मी वाकले आणि उठायला गेले, तर मागून कुणीतरी मला घट्ट धरलं. वहिनी, मी मोठ्याने रामरक्षा सुरू केली. सगळी मंडळी वळून बघायला लागली. विल्माबाई गुडघे टेकून माझ्यामागे बसल्या. फोन शांतपणे म्हणाला, "हलू नका. तुमचा स्वेटर साखळीत अडकला आहे." त्यांनी एकेक धागा सोडवला, सावकाश, अजिबात न हसता. बाहेर आल्यावर मात्र आम्ही दोघी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

सर्वांना यथायोग्य.

तुमची धाकटी जाऊ,
मालिनी

ता. क. पंजे कुत्र्याचेच असावेत. फरशीची माती ओली असताना गेला असेल.

दुसरा ता. क. विल्माबाई सुश्रुतच्या होणाऱ्या सासूबाई आहेत. मुलीचं नाव अनौक. मुलगी गुणी आहे, दोघांचं ठरलं आहे. भाऊजींना हे कळवा, असं मी ह्यांना महिनाभर सांगते आहे; हे म्हणतात, मोठा भाऊ आहे, तूच लिही. तेव्हा वहिनी, तुम्हीच सांगा. दुपारच्या चहानंतर सांगा, आणि दातार नसताना.

तिसरा ता. क. परत येताना गाडीत विल्माबाईंनी फोन तोंडाशी धरून मला विचारलं, "तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना माझी मुलगी आवडेल का?" मी म्हटलं, आमच्या मोठ्या जाऊबाई तिला पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात आपल्याजवळ बसवून घेतील. तुम्हाला न विचारता शब्द देऊन आले आहे. या वेळी फोनने अगदी बरोबर सांगितलं असावं, कारण त्या उतरेपर्यंत माझा हात धरून बसल्या होत्या.