ताई म्हणते चमचा लागला

मंगळवार, सक्करदरा. दिवेलागण.

ताईच्या बाळाच्या फाटलेल्या ओठाचं ऑपरेशन होऊन आज चार दिवस झाले. आतून विरघळणारे टाके, वरची कातडी ग्लूने चिकटवलेली. हात ओठाला लागू नये म्हणून दोन्ही कोपरं पट्ट्यांनी सरळ बांधलेली.

दुपारी आंघोळीला जाताना ताई म्हणाली, "पट्टी सोडू नको बरं, मामासारखाच तापट हाये तो."

बाळ रडत होतं आणि तेवढ्यात कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीचा, स्नेहलचा फोन आला. मी कॉलेज सोडल्यापासूनचा तिचा पहिलाच फोन. बाळ गप्प बसावं म्हणून एक पट्टी सोडली. स्नेहल म्हणाली, "आता मले फोन नको करत जाऊ." मी फोनवर ओरडतच राहिलो. वळून पाहिलं तर बाळाचं बोट ओठावर, ग्लूची कड उचकटलेली आणि रक्ताचा एक थेंब.

थेंब पुसला. पट्टी बांधली.

ताई आली, कड पाहिली. "माझ्यानंच झालं गा. दूध पाजताना चमचा लागला असन."

मी गप्प. काहून गप्प? एवढासा थेंब, पण डोळ्यांपुढून हलत नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, सकाळी आणा. जखम उघडली असेल तर पुन्हा भूल, पुन्हा टाके. ताई तेव्हापासून जेवली नाही.

आत्ताच तिला सांगितलं, "ताई, पट्टी मी सोडली होती."

तिनं माझ्या मांडीवरून बाळ उचललं, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.