हळदीचा रोल

बाबा, तुझा कॅमेरा आज करंजाड्याच्या घरी कपाटातून खाली काढला. तुझी नात महाप्याला नोकरीला आहे. तिच्या ऑफिसातल्या पोरांना आता रोलच्या कॅमेऱ्याचं खूळ लागलंय. मोबाईलवर वाचून ती मलाच शिकवत होती, की ही जपानी कंपनी आधी नुसती भिंगं बनवायची, कॅमेरे नंतर. म्हटलं, अगं बाई, हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकतेय! पासपोर्ट फोटोला आलेल्या गिऱ्हाइकालाही तू ही गोष्ट सांगायचास, जसा काय कंपनीचा जावईच. रोलचे कॅमेरे बनवणं त्या कंपनीनं आता सोडलंय. तुझा मात्र अजून खटकन वाजतो.

मग तिनं विचारलं, आजोबांनी लग्नाचे फोटो काढायचं का सोडलं? मला शेजारच्या काकीच्या पोरीची हळद आठवली. तू फ्लॅशचे सेल बदलतोयस, रोल मी भरतेय. तू नेहमी सांगायचास, "रोल भरला का डावीकडचा नॉब बघायचा. फिरला तर रोल सरकतो हाय. नाय फिरला तर नुसता आकडा सरकतो, फोटू येत नाय." त्या दिवशी आठ-दहा फोटो झाल्यावर माझं लक्ष गेलं, तर नॉब ढिम्म हलत नव्हता. डोळा कॅमेऱ्याला लावूनच तू विचारलंस, "फिरतो हाय ना गो?" मी म्हटलं, हो. भर मांडवात, सगळ्या बायकांसमोर तू ओरडशील, एवढीच भीती होती. तेव्हाच बोलले असते, तर रोल परत भरून निम्मी हळद तरी मिळाली असती.

रोल कोरा निघाला. काकी आपल्या दारात येऊन रडली, आणि तू हात जोडून म्हणालास, "वहिनी, चूक माझी. मीच रोल नीट भरला नाय." मला एका शब्दानं बोलला नाहीस. पुढच्या हळदीपासून गावानं पनवेलचा फोटोवाला बोलावला, तू दुकानात पासपोर्ट फोटो काढत राहिलास. भरताना मी चुकले, एवढंच तुला ठाऊक होतं. बघून खोटं बोलले, हे नव्हतं. लाज वाटते रे बाबा, अजून वाटते.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? तुला सांगणं सोपं आहे, तू आता थोडाच ओरडणार. नातीला मात्र मी दुपारी सांगितलं, आजोबांची नजर कमी झाली होती.