म्हशीनं खाल्लेलं धोतर

रविवार, दिवेलागण

लिही पिंकी माझ्या डायरीत, सांगते तसंच. आज तुझी मैत्रीण स्वाती महाराजपुरावरून आली अन् दिवसभर तुम्ही ते मोठ्यांचं कार्टून पाहून राहिल्या. वीस वर्षांपासून चालू आहे म्हणे! त्यातला बाप तोंड उघडायच्या आधीच तुम्ही त्याचं बोलणं म्हणता अन् खिदळता. नात माझी तू, अन् हसते स्वातीसंग. मी पनागरच्या म्हशीची गोष्ट काढली, तर तू म्हणते, "आजी, ये तो सुना हुआ है." काहून? अन् कार्टून पाहिलेलं नाही? जळते मी, तेही लिही. तर त्या म्हशीनं मास्तरचं...

अगं, मी सांगायच्या आधीच "धोतर खाल्लं" म्हणून खिदळली तू?

लिही. खिदळली, हे मोठ्या अक्षरात लिही.