दंतमंजनानं घासलेला रुपया

रविवार, संध्याकाळ

आईचा निजामाच्या काळातला चांदीचा रुपया आज उस्मानपुऱ्यात सलीमभाईंना दाखवला. जुनी नाणी पारखण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. चारमिनार ठसठशीत, कडाही शाबूत. तरी त्यांनी भिंग खाली ठेवलं. "किसने घिसा इसको? काला था तो अव्वल था."

पारखायला न्यायचाय म्हणून सुमननंच सकाळी देवघरातल्या निरांजनाबरोबर दंतमंजन लावून घासला होता. लई मन लावून. बायकोला काय बोलणार?

घरी आलो तर दारातच, "चमकतोय ना? काय म्हणाले?"

काळा होता तेव्हा अव्वल होता, हे कसं सांगू?

"अव्वल म्हणाले," मी सांगितलं.

ती हसली, पदराला हात पुसले. रुपयाचा काळेपणा अजून तिच्या बोटांवर होता. खोटं कुठं बोललो मी?