एका घरचे एका संघात

४ ऑगस्ट

चि. ठकूस मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, राग मानू नकोस. लिहायला बसलो की वाटायचं, कागदावर उतरलं म्हणजे ते खरंच होणार. पण आता गप्प राहून भागत नाही.

तुझे दोन्ही मामेभाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. कारण तो पत्त्यांचा खेळ. रमी नव्हे, ठकू. या खेळात हजारो पत्ते असतात, कुणावर सैन्य, कुणावर किल्ले, कुणावर मंत्र. त्यातून साठ निवडून ज्याने त्याने आपला डेक बांधायचा. मी आपला काचा कापून फोटो मढवणारा, चार इयत्ता शिकलेला. मला एवढंच कळतं.

गेल्या वर्षी मंडळाच्या सामन्यात दोघे दोन संघांचे कप्तान होते. तिघांचा संघ, तीन टेबलं. थोरल्याने धाकट्याची बसण्याची जागा आधी पाहून घेतली, त्याच्यासमोर आपला सगळ्यात कच्चा गडी बसवला आणि बाकीची दोन टेबलं जिंकली. धाकटा म्हणाला, ही लबाडी. थोरला म्हणाला, ही अक्कल. तेव्हापासून एक जण जेवून उठला की दुसरा बसतो.

आता दोघांनी पैज लावली आहे. थोरल्याला माझं दुकान चालवायचं आहे, धाकट्याला तिथे खेळाचं मंडळ हवं आहे. या वर्षी जो हरेल त्याने घर सोडायचं. मी म्हणालो, अरे, घर काय पणाला लावतात? तर मीच पाहुणा असल्यासारखे दोघे माझ्याकडे बघत राहिले.

एकाच गोष्टीवर त्यांचं जमलं: सामना कसा घ्यायचा ते तू ठरवायचं. हॉस्पिटलात नर्सबाईंच्या पाळ्या लावतेस आणि कुणी रडत नाही, असं दोघेही म्हणतात. तर बाई, असं काही लाव की दोघेही घरात राहतील. तुझी मामी असती तर तिने दोघांचे कान उपटले असते. माझा हात तिथवर पोचत नाही.

उत्तराची वाट बघणारा, तुझा मामा

१२ ऑगस्ट

ती. मामांस ठकूचे शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी पाणी प्यायले. तुम्ही काळजी करायला लागलात की टपालाचं तिकीटसुद्धा ओलं होतं. नर्सबाई रडत नाहीत म्हणे! रडतात, पण आळीपाळीने.

नियम सांगते. संघ चार, प्रत्येकात तिघे. कोण कुठल्या टेबलावर बसणार ते कप्तानांनी बंद चिठ्ठीत लिहायचं आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. म्हणजे थोरल्या दादाची अक्कल तिथेच संपली. दुसरं, एका संघात एक पत्ता एकाच्याच डेकमध्ये राहील. नाहीतर तिघेही तेच भारी पत्ते घेऊन बसतात आणि ज्याच्याकडे पत्त्यांची पेटी मोठी तो जिंकतो.

तिसरा नियम खास तुमच्यासाठी: एका घरचे एका संघात. समोरासमोर बसले तर एक हरेल, शेजारी बसले तर दोघे हरतील नाहीतर दोघे जिंकतील. पैज कुठे लागणार? तिसरा गडी म्हणून तुमच्या शेजारचा शिंपी घ्या; तो कुणाच्या बाजूचा नाही असं तुम्हीच सांगत होतात.

आता जरा झोप काढा. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची ठकू

२३ ऑगस्ट

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

नियम वाचून दाखवले. दोघांनी एका दमात मान्य केले, आणि मला तिथेच धास्ती बसली. ही पोरं पाणी द्यायलासुद्धा तीनदा हो-नाही करतात.

काच कापायच्या टेबलावर बसून पत्ते वाटून घेत होती. 'काळी वेस' नावाचा पत्ता घरात एकच, आणि दोघांचे डेक त्याच्यावरच उभे. मी दाराआड उभा, आता भडका उडणार म्हणून. काही उडालं नाही. थोरला म्हणाला, वेस तुला, त्याच्या बदल्यात हे चार मला. धाकटा म्हणाला, चालेल. वर्षाने बोलले, ते एवढंच. आवाज असा की गिऱ्हाईकाशी बोलावं.

मग शिंप्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणाला, मामा, तुम्ही दुकानात बसून खुश होऊ नका, पैज मोडलेली नाही. एकाच संघात राहून जो आपल्या टेबलावर जास्त वेळा हरेल त्याने घर सोडायचं, असं ठरलं आहे. मला मध्ये बसवलंय, म्हणाला, पण दोन्ही खांद्यांना गार वारा लागतो. म्हणजे बघ, शेजारी बसून एक दुसऱ्याच्या हरण्याची वाट बघणार. तुझ्या नियमाने वैरी जवळ आणून बसवला. काहीतरी कर.

तुझा मामा

२८ ऑगस्ट

ती. मामांस शि. सा. न.

घाईत लिहिते, ड्यूटीवर जायचं आहे. टेबलागणिक हारजीत मोजायचीच नाही. या खेळात प्रत्येकाला सुरुवातीला वीस प्राण असतात ना? ते वेगळे ठेवू नका. संघाचे साठ प्राण एकत्र ठेवा; कुणावरही घाव बसला तरी त्यातूनच वजा होतील. संपले की तिघे एकदम हरले. एकटा कुणी हरूच शकत नाही. आता भांडायला जागा ठेवली नाही, मामा. सामना झाला की लगेच कळवा.

तुमची ठकू

९ सप्टेंबर

चि. ठकूस मामाचे आशीर्वाद.

आपला संघ जिंकला. सगळे म्हणाले, इतका सरळ सामना कधी झाला नव्हता. धाकटा अडला की थोरला त्याला पत्ता सुचवायचा. दोघे हसत घरी आले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. मी मनात तुला शंभर आशीर्वाद दिले आणि चहा टाकला.

चहा पिता पिता थोरला म्हणाला, बाबा, कुणी हरलं नाही, तेव्हा एकट्यानेच का जायचं? आम्ही दोघेही वेगळे होतो. दुकान भाड्याने देऊ. ठकूचा नियम फार चांगला आहे, एक वस्तू एकाच्याच घरात.

ठकू, ते कालपासून घर वाटताहेत. आळीपाळीने निवडतात. टेबल याला, दिवा त्याला. कपाट त्याला, तर आरसा याला. मामीच्या फोटोपाशी जरा थांबले, मग धाकट्याने फोटो घेतला आणि थोरल्याने मी घातलेली चौकट. फोटो चौकटीतून काढायला मलाच सांगितलं, काच फुटू नये म्हणून. मी काढून दिला. आवाज कुणाचा चढला नाही. चढला असता तर मी मध्ये पडलो असतो; भांडण सोडवायचं मला ठाऊक आहे. हे कसं सोडवतात?

आज सकाळी सगळं निवडून झालं. खोल्या मोकळ्या दिसायला लागल्या. मी खुर्चीवर बसलो होतो; ती थोरल्याच्या वाट्याची, म्हणून उठलो. मी विचारलं, आणि मी रे? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, तू घे हवं तर. थोरला म्हणाला, नाही, तुझी पाळी आहे. मग दोघे म्हणाले, ठकूला विचारू, ती बरोबर सांगेल. तुला आज वेगळं पत्र टाकणार आहेत.

काळ्या वेशीसाठी त्यांनी चार पत्ते मोजून दिले होते, ठकू. माझ्यावरून घासाघीससुद्धा झाली नाही.

त्यांचं पत्र आधी मिळालं तर उत्तर देऊ नकोस. नियम लावू नकोस. आधी मला दोन ओळी टाक, अगदी लवकर टाक. सामान न्यायला गाडी सोमवारी येणार आहे.

तुझा मामा