डावीकडचा हत्ती

१९ ऑगस्ट, ब्रॅम्पटन

बॅगा अजून उघड्याच. साहेब सकाळपासून दुर्बीण पुसतायत. आमच्या साहेबांना सांगितलेलं काम सोडून बाकी सगळं सुचतं. संध्याकाळी लेक जेवायला. मुग्धाचा तोच प्रश्न, "बाबा, एव्हरीबडी गोज टू केनिया. हे झांबिया कुठून काढलंत? तिथे कोणी जातं तरी का?"

साहेब म्हणाले, "म्हणून तर. बावीस वर्षं ट्रक घेऊन ४०१ हायवेवर लोकांचे बम्पर बघितले. आता वाघ-सिंह बघायला पण ट्रॅफिकमध्ये उभा राहू?"

ईरा (वय सात, सर्वज्ञ): "आजोबा, देअर आर नो टायगर्स इन आफ्रिका." सगळे हसले. मीही, पण वरवर. गाडीचा डावा आरसा परत मोडलाय. साहेब म्हणतात, "पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकला असेल." गॅरेजच्या चौकटीला आमच्या गाडीचा निळा रंग लागलाय, तो मी सकाळीच बघितला. बोलले नाही. प्रवासाच्या तोंडावर वाद कशाला.

२२ ऑगस्ट, रस्त्यात

लुसाका सोडून दिवसभर जीप. अर्धा रस्ता डांबरी, मग नुसता फुफाटा. कंबरेचा भुगा. ड्रायव्हर-गाइड एकच, जोसेफ. चाळिशीचा असेल, कमी बोलतो. साहेबांनी त्याला गाडीचं इंजिन, टायर, डिझेल सगळं विचारून घेतलं, त्यावर मात्र तो खुलला. दोन ड्रायव्हर भेटले की मग बायकोची गरज नाही.

चहाच्या टपरीसारख्या एका ठिकाणी थांबलो. उतरताना साहेब पायरी चुकले, गुडघा फुटला. "वेंधळेपणा" म्हणाले स्वतःच. हल्ली हा शब्द तेच आधी म्हणून टाकतात.

२३ ऑगस्ट, कॅम्प

आठ तंबू, पाहुणे आम्ही दोघंच. जेवणाच्या लांबलचक टेबलाच्या एका टोकाला दोन ताटं. गवत जाळलंय सगळीकडे, दरवर्षी जाळतात म्हणे, नवीन कोंब फुटायला. त्यामुळे मैलोन्‌मैल काळं. अंगाला राखेचा वास. एका जातीची माशी आहे ती कपड्यातून चावते. साहेबांना हवा होता तो एकांत मिळाला. मला हे स्मशानासारखं वाटतंय. पण त्यांचा उत्साह बघून गप्प बसले.

दुपारची फेरी. पुकू नावाची तांबूस हरणं, रानडुकरं, लांब कुठेतरी धूर. मग झाडीतून वळलो तर डावीकडे हत्ती. एवढा जवळ की त्याच्या कानाच्या शिरा दिसत होत्या. साहेब त्या बाजूला बसलेले. ते समोर बघत होते.

जोसेफ हळू आवाजात, "एलिफंट, सर. लेफ्ट."

"हां हां. दिसला." आणि मान वळवली ती भलतीकडेच. मग हत्तीने फांदी मोडली, तेव्हा कडाड आवाजाच्या दिशेने बघून दचकले. दचकले म्हणजे अक्षरशः माझ्या मांडीवर आले.

जोसेफ हसला. मी हसू शकले नाही.

२४ ऑगस्ट

आज जे केलं ते लिहायला लाज वाटते. तरी लिहिते.

सकाळी थंडी, अंगावर घोंगडी. जोसेफ लांबवर काही दाखवायचा, सा. लगेच "दिसला, दिसला". इतकं पटकन की मलाही दिसायच्या आत. मी उजवीकडे बोट केलं आणि म्हटलं, "अहो, तो बघा कोल्हा. त्या वारुळापाशी."

तिथे काही नव्हतं. वारूळसुद्धा नव्हतं.

"अरे वा," म्हणाले. "मस्त आहे. शेपूट केवढी!"

शेपूट. आरशातून जोसेफ माझ्याकडे बघत होता. त्याला मराठी कळत नाही, पण कोल्हा नाही हे त्याला कळत होतं.

दुपारी तंबूबाहेर खुर्च्या टाकून बसलो तेव्हा सरळ विचारलं. कोल्ह्याचंही सांगितलं. रागावतील वाटलं होतं. नाही रागावले. बराच वेळ बूट झटकत बसले. मग म्हणाले, काचबिंदू. मार्चमध्येच कळलं. ते डोळ्यांत घालायचे थेंब, ज्यांना मी कोरड्या डोळ्यांचे समजत होते, ते त्याचे. समोरचं स्वच्छ दिसतं. बाजूचं जातंय. डावीकडचं जवळजवळ गेलंच. "नळीतून बघितल्यासारखं. तू समोर बसलीस तर तू अख्खी दिसतेस."

पुढची तपासणी होती मे महिन्यात. गेलेच नाहीत. डॉक्टर ट्रान्सपोर्ट मिनिस्ट्रीला कळवतात, लायसन्स जातं. "मग ईराला शाळेत कोण सोडणार? तुला गाडी येत नाही. मुग्धा आणि जावई सातला बाहेर पडतात. बसने मी जाऊ? आणि मी करू काय घरी बसून?"

मी म्हटलं, "आणि गाडीत ईरा असते, त्याचं काय?"

त्यावर म्हणाले, "बावीस वर्षांत एक ओरखडा नाही." जणू ते पुढच्या वर्षांनाही लागू आहे.

रडू आलं. रागाने की कशाने, ते कळत नाही. मार्चपासून हा माणूस शेजारी झोपतोय आणि मला पत्ता नाही. आणि बिचारा एकटाच घेऊन बसला होता हेही खरं.

२५ ऑगस्ट

शेवटची फेरी. निघायच्या आधी जोसेफला बाजूला घेऊन सांगितलं. माझ्या तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये, हिज साइड इज गॉन, ओन्ली फ्रंट. पोटच्या मुलीला सांगितलं नाही ते परक्या माणसाला सांगितलं. तो "ओके, मॅडम" एवढंच म्हणाला.

दहाच्या सुमारास सिंह मिळाला. मिळाला म्हणजे, नर, एकटा, म्हातारा, बरगड्या मोजाव्यात असा. वाळलेल्या ओढ्यात पडून होता. जोसेफने गाडी मागे घेतली, फिरवली, परत फिरवली, आणि सिंह साहेबांच्या नाकासमोर येईल अशी लावली. इंजिन बंद.

सा. "दिसला" म्हणाले नाहीत. दुर्बीण मांडीवरच. सिंहाने एकदा डोळे उघडले, आमच्याकडे बघितलं, परत मिटले. कितीतरी वेळ तसेच. मग हळूच मला म्हणाले, "डाव्या डोळ्याखाली जखम आहे बघ त्याच्या." होती. मला त्यांनी दाखवेपर्यंत दिसली नव्हती.

परतताना माझा हात धरून बसले होते. आज बरं वाटायला हवं होतं. मला मात्र सारखं वाटत होतं की हे सगळं निरोपाचं आहे.

२९ ऑगस्ट, ब्रॅम्पटन

एअरपोर्टवर घ्यायला मु. आली म्हणून वाचलो. फोटो दाखवले. "बाबा, सो क्लोज!" सा. हत्तीचं असं वर्णन करत होते की मलाच वाटलं, यांनी तो बघितला. मी फोडणी देत उभी होते. ते मधेच माझ्याकडे बघायचे. मी कढईत डाव फिरवत राहिले.

ती गेल्यावर करार झाला. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतील, पण शाळा मार्गी लागली की. तोवर हायवे नाही, रात्री नाही, फक्त ईराची शाळा, आणि मी शेजारी बसणार. मी हो म्हटलं. का म्हटलं? त्यांचा चेहरा बघवला नाही म्हणून.

२ सप्टेंबर

शाळेचा पहिला दिवस. मी पुढे, ईरा मागे तिच्या सीटवर. "डावीकडून सायकल. थांबा. बाई रस्ता ओलांडतेय. स्कूल बस. आता जा." माझा हात डॅशबोर्डवर घट्ट. ते मात्र शांत, सांगेन तसं चालवत होते, अगदी सुरेख.

मागून ईरा, "आजी, व्हाय आर यू टेलिंग आजोबा एव्हरीथिंग?"

सा.च म्हणाले, "आम्ही सफारी सफारी खेळतोय, बाळा."

"कॅन आय प्ले?"

४ सप्टेंबर

आता ती सांगते. "लेफ्ट साइड, आजोबा! डॉग! ट्रक!" मोठ्या हौसेने, खिडकीला नाक लावून. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चटकन दिसतं तिला. साहेब खूश. आज तिने सांगितलं म्हणून एक स्कूटरवाला पोरगा वाचला. त्याला कळलंही नाही.

सात वर्षांच्या पोरीला आम्ही राखणीला बसवलंय. दिवसभर तोंडात घास फिरत राहिला. डॉक्टरला फोन करा म्हटलं तर म्हणाले, सोमवारी. मीच करेन म्हटलं तर दोन तास बोलले नाहीत.

९ सप्टेंबर

सोमवार आला आणि गेला.

आज दुपारी मु.चा ऑफिसातून फोन. पोळ्या करत होते म्हणून स्पीकरवर लावला. "आई, ईराच्या टीचरने ईमेल केलंय. ईरा म्हणते, आजोबा ड्राइव्ह करतात तेव्हा ती हेल्प करते. 'आय डू द लेफ्ट साइड, आजी डज द राइट.' व्हॉट इज शी टॉकिंग अबाउट?"

साहेब टेबलाशी, माझ्या बरोब्बर समोर. मान हलवत होते. नको, नको.

"आई? आर यू देअर?"

गॅस बंद केला. त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि समोरचं त्यांना स्वच्छ दिसतं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. त्यांची मान हलायची थांबली.

मु.ला म्हटलं, संध्याकाळी ईराला न्यायला येशील तेव्हा जरा बस. बोलायचंय. "इज एव्हरीथिंग ओके?" त्यावर काय म्हटलं, आठवत नाही.

आता तीन वाजलेत. ईराची शाळा सुटायची वेळ. साहेब बूट घालून दारात उभे आहेत, किल्ली हातात. मी अजून खुर्चीवरून उठलेले नाही.