सरकीचा शेक

३ नोव्हेंबर, सोमवार
मनकर्णाचा केमोचा तिसरा डोस झाला. डॉक्टरबाईंनी नवऱ्याला, म्हणजे मला, साइड इफेक्ट समजावायला आत बोलावलं. पोटऱ्यांत गोळे येणं, तोंड येणं, चव जाणं. हातापायाच्या मुंग्यांवर आल्या तेवढ्यात वॉचमन ओरडला, स्कूटर काढा. काढून येईपर्यंत त्या पुढच्या पेशंटकडे. हरकत नाही. मुंग्या काय, सगळ्यांनाच येतात.
आजपासून साइड इफेक्टचं डिपार्टमेंट माझ्याकडे.

५ नोव्हेंबर, दुपार
पोटरीत पहिला गोळा. मी अंगठ्यानं जोरात दाबला. ती म्हणाली, ‘सोडा, सोडा.’ दुखण्यात माणूस काहीही बोलतं. सोडला नाही.
रबरी पिशवी, क्रीम, ही शहरी नाटकं. धामणगावच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं कापसाची ग्रेड ठरवली आहे. सरकी तव्यावर तापवायची, जुन्या धोतरात बांधायची आणि पोटरीपासून टाचेपर्यंत शेकायचं. आमचे बैलसुद्धा बरे झाले आहेत.

८ नोव्हेंबर
जबरदस्त रिझल्ट! टाच शेकताना ती हूं की चूं करत नाही. मी जास्त तापवून पाहिली. तरी नाही. पोटरीला मात्र पाय आखडते. पोटरी हट्टी आहे.
आज आपणहून म्हणाली, ‘तळपाय कापसावर ठेवल्यावानी लागते.’ कापसावर! ग्रेडरला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणतं? हिवरखेडच्या भावाला फोन करून कळवलं.

१० नोव्हेंबर
तोंडाला चव नाही म्हणते, सगळं लोखंडासारखं लागतं. मी स्वतः ठेचा केला. एका घासात डोळ्यांतून पाणी. तोंड आलेलं आहे, हे मला आठवलं असतं, पण मी मिरचीवर विश्वास टाकला होता. गावरान म्हणून दिली, निघाली लवंगी. भाजीवालीनं दगा दिला.
ती दहीभात कालवून खोलीत गेली.

१२ नोव्हेंबर
तिची बहीण माणिक अकोल्याहून रोज फोन करते. मी खोलीत गेलो की मनकर्णा गप्प. काय बोलत होतात विचारलं तर म्हणे, ‘काई नाई, कांद्याचा भाव.’ कांद्याच्या भावासाठी पाऊण तास?
चालताना तिची चप्पल मागे राहते आणि हिला पत्ताच नाही. गबाळेपणा. समजावून सांगितलं. ऐकून घेतलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.
सकाळी टाचेवर हा मोठा फोड. पाणी भरलेलं. चप्पल चावली असणार. माणिक आलेली होती, तीही दवाखान्यात आली. डॉक्टरबाईंनी विचारलं, कशानं भाजलं? मनकर्णा म्हणाली, ‘बादलीतलं पाणी गरम होतं.’
मी मान डोलावली. बादली असू शकते.
माणिक म्हणाली, ‘खोटं काहून बोलतं बाई? भाऊजीनं शेकलं. इले पायाचं काईच समजून नाई राह्यलं, चटका बसला तरी.’
औषधानं तळपायाची संवेदना जाते म्हणे. म्हणूनच शेक, गरम पाणी काही नको, असं तीन तारखेलाच सांगितलं होतं म्हणे. जखम भरेपर्यंत चौथा डोस पुढे ढकलला. रिक्षापर्यंत मनकर्णा एकच वाक्य बोलली, ‘डिसेंबरात संपलं असतं हो.’
अकोल्याला माहीत, दवाखान्याला माहीत. इथे अमरावतीत एकाच माणसाला माहीत नाही, आणि तो नवरा! मला वाचवायला खोटं बोलली, हे खरं. पण मला खरं का नाही सांगितलं?

१६ नोव्हेंबर
माणिक तिला अकोल्याला घेऊन गेली. ‘जखम बरी होईस्तोवर’ म्हणाली. मनकर्णानं नको म्हटलं नाही. नको म्हणेल म्हणून मी बॅग हळू भरत होतो.
निश्चय : आपण फोन करायचा नाही. गरज त्यांना आहे.

१७ नोव्हेंबर
माणिकचा फोन चालू आहे की बंद, एवढंच पाहायला लावला. उचलला. म्हणाली, सकाळी गोळा आला होता, गेला.
कसा गेला? काय लावलं?
‘काई नाई, भाऊजी. कुठी दुखते, इचारलं. तिनं सांगतलं. मंग पंजा हळूच तिच्याकडे वाकवून धरला, ती बस म्हने तवा सोडला. अन् डॉक्टरीनबाईले फोन करून कळवलं.’
बस? एवढंच? यात कसलं शास्त्र? विचारायला काय लागतं!

१८ नोव्हेंबर, सकाळ
विचारायचं ठरवलं. चहा घेऊन, घसा साफ करून फोन लावला. मनकर्णानंच उचलला. म्हटलं, ‘कुठं कुठं दुखतं तुला?’
तिकडून काही नाही. मी हॅलो, हॅलो म्हणत राहिलो. आपल्या घरात रेंज कधीच धड नसते. तसाच बाहेर गॅलरीत आलो आणि फोन डोळ्यांसमोर धरून पाहिला.
रेंज पूर्ण होती.